अण्णांचं स्वस्तिक, माझं कोटिंग

माझं शिंदे अण्णांशी कसलंही वैर नव्हतं. त्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा जास्त चमकायची, एवढंच.

आता चमकावी का हो? माझी गाडी दोन वर्षांची, त्यांची अकरा. मी नागपूरहून नोकरीसाठी बंगळुरात आलेलो. अण्णा पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून ते आमच्या महादेवपुऱ्याच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले होते. रोज सकाळी जुन्या धोतराचा ओला तुकडा घेऊन खाली यायचे आणि गाडी पुसायचे. शेजारी माझी गाडी (तिच्यावर कबुतरांचा ताबा). माझी बायको मेघा ऑफिसला निघताना अण्णांच्या गाडीच्या दारात बघून टिकली सरळ करायची आणि मग येऊन आमच्या गाडीत बसायची.

एकदा म्हणाली, "अण्णांची गाडी कशी चमकून राहिली, पाहा जरा. अन् आपली?"

आपली चालते, हे माझं उत्तर तिला पुरेसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी जळत होतो. रात्रीचा वरणभातसुद्धा गोड लागेना.

शेवटी मी गाडी नेऊन तिला सिरॅमिक कोटिंग करून आणलं, म्हणजे रंगावर काचेसारखा चकचकीत थर. कोटिंगवाल्यानं बजावलं होतं, "सर, सात दिवस गाडीला काही लागू द्यायचं नाही. पाणी नाही, साबण नाही, फडकं नाही. आत्ता जे बसेल ते बसेल. एकदा सुकलं की पाच वर्षं बघायला नको." मी मान डोलावली. घरी येऊन मेघाला बजावलं, "कोटिंगचं कोणाला सांगायचं नाही. विशेषतः अण्णांना."

"काहून?"

"त्यांना वाटू दे, आपणही पुसतो."

दुसऱ्याच दिवशी अण्णा गाडीसमोर थबकले. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. "अय्यो, मिलिंद! काय केलास रे गाडीला?"

"काही नाही अण्णा. रोज ओल्या फडक्यानं पुसतो. तुमच्यासारखं."

म्हातारा इतका खूश झाला की मला क्षणभर लाज वाटली. "बघ, मी म्हणत होतो की नाही? हाताची मेहनत! सगळ्यांना सांगतो मी." आणि खरंच सांगत सुटले. मी त्या आठवड्यात बिल्डिंगमधला आदर्श तरुण होतो (वय बेचाळीस).

पाचव्या दिवशी खंडेनवमी आली. इथे ती आयुधपूजा. आणि बंगळुरात त्या दिवशी सायकलपासून क्रेनपर्यंत काहीही बिनहळदीचं सुटत नाही. सगळ्यांनी गाड्या बाहेर काढून ओळीनं लावल्या. शहाणा माणूस असता तर गाडी तळघरातच ठेवून वर झोपला असता. पण मला अण्णांच्या गाडीशेजारी माझी गाडी लावून लोकांचे चेहरे बघायचे होते. लावली. लोकांनी बघितलं. एक बाई तर थांबून माझ्या दारात केस नीट करू लागल्या. आयुष्यात मिळवायचं ते मिळालं होतं! फक्त दोन्ही गाड्यांचा शेजारीशेजारी फोटो राहिला होता, आणि मोबाईल वर घरी होता. मेघाला गाडीजवळ उभं करून मी वर गेलो. लिफ्ट बंद, सहा मजले जिने. जायला आणि यायला मिळून पंधरा मिनिटं गेली असतील.

खाली आलो, तर बॉनेटवर हे एवढं मोठं स्वस्तिक. हळदीचं. मधे कुंकू. चारही दारांवर तीन-तीन बोटं ओढलेली, चाकांखाली लिंबं, आणि फोडलेल्या कोहळ्याचे शिंतोडे थेट आरशापर्यंत. बाजूला अण्णा, हात पिवळे, तोंडभर हसू.

"तुझी गाडी उघडीच होती रे. एवढी हातानं पुसतोस, आणि हळदीचं एक बोट नाही? माझ्या मनाला लागलं. म्हणून मीच घातलो. तिळाच्या तेलात कालवलो, स्वल्प जास्त टिकतंय."

मी मेघाकडे वळलो. "तू इथेच होतीस ना? थांबवलं का नाहीस?"

"काय सांगून थांबवू?" ती शांतपणे म्हणाली. "तूच म्हणाला, कोटिंगचं कोणाला सांगू नको."

मी नकळत रुमाल काढला. "पूजेचं कुंकू पुसशील तर बघ," मेघा म्हणाली. तिकडे कोटिंगवाल्याचीही पुसायला बंदीच. धर्म आणि रसायनशास्त्र यांचं माझ्याविरुद्ध पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सात दिवस भरल्यावर गाडी धुतली. दारांवरचं बरंचसं गेलं. स्वस्तिक गेलं नाही. ते आता वर राहिलेलं नव्हतं, आत गेलं होतं, आणि काचेखाली ठेवल्यासारखं लखलखत होतं. गाडी घेऊन कोटिंगवाल्याकडे गेलो. त्यानं बॉनेटवरून बोट फिरवलं, खाली वाकून उजेडात बघितलं आणि अभिमानानं म्हणाला, "सर, एकदम फर्स्ट क्लास बसलंय. पाच वर्षं हलणार नाही."

त्या रविवारी अण्णा धोतराचा तुकडा घेऊन आले आणि माझ्या बॉनेटसमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या गाडीवरचा टिळा केव्हाच गेला होता.

"मिलिंद," ते हळूच म्हणाले, "माझा दोन दिवसांत गेला. तुझा हललासुद्धा नाही. खरं सांग, काय करतोस?"

त्या आवाजात जळफळाट होता. मला तो लगेच ओळखू आला. दोन वर्षं माझ्याच पोटात होता. खरं सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलंसुद्धा.

"श्रद्धा लागते, अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी ते बॉनेटवर तेलातली हळद लावतात, तासभर टिकते का बघतात, आणि मग धोतरानं चोळून पुसून काढतात. टिळा काही टिकत नाही. पण रोजच्या त्या चोळण्यानं त्यांचं बॉनेट असं काही झळकायला लागलंय, की मेघा टिकली लावायला परत तिकडेच जाते.

परवा मी गुपचूप अर्धा लिटर तिळाचं तेल आणलं.