आत्याच्या केळीचा रिपोर्ट

आमची आत्या चिडली की अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि ती रोजच चिडायची. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं काढली. रिपोर्ट कुणाचं तोंड बघून लिहायचा नसतो, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्या सकाळी ती कुंपणापाशी शेजारच्या शिंपीकाकांवर तुटून पडली. त्यांच्या केळीची पानं अरुंद होऊन शेंड्याला जुडीसारखी ताठ उभी राहिली होती, कडा पिवळ्या पडलेल्या.

"डोळे आहेत का शर्टाची बटणं? पर्णगुच्छ रोग आहे हा! मावा किडा पसरवतो. आजच्या आज सगळं बेट कंदासकट काढा, नाहीतर माझ्या केळी जातील."

"ताई, ही केळीची पिल्लं तुमच्याच बेटातून तुम्ही दिलेली," काका म्हणाले. "गल्लीत सात घरी तुमचीच आहेत."

"माझं बेट ठणठणीत आहे!" म्हणत आत्या तरातरा घरात गेली.

मला काही ते पटेना. परसात जाऊन मी तिच्या बेटातल्या एका पानाचा देठ उजेडात धरला. गडद हिरव्या, तुटक रेघा. हे लक्षण तिनेच मला शिकवलं होतं. शेजारी बुजवलेला खड्डा होता. गेल्या वर्षी वाऱ्याने पडलं म्हणून तिने तिथलं झाड काढलं होतं. म्हणे वारा! माझं डोकंच फिरलं.

"तुला वर्षभर माहीत होतं!" मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडले.

"एकच झाड आजारी होतं. ते काढलं मी. पिल्लं चांगली दिसत होती."

"दिसत होती! आजारी बेटाचं एकही पिल्लू ठेवायचं नाही, हे कोण सांगायचं? बाबांचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांना चपला काढायलाही सवड दिली नाहीस. दारातच सांगून टाकलंस. आणि केळीला वर्ष दिलंस?"

आत्याने गॅस बंद केला.

"सांगितलं म्हणून तीन महिने बोलला नाही माझ्याशी. तसाच गेला. हे बेट लावलं तेही माझ्याकडे पाठ करून. भावाचं दुसरं काय आहे गं माझ्याकडे?"

माझा राग उतरला नाही. सात घरांनी तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

दुपारी ती पहार आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन घरोघर गेली. "चूक माझी आहे, मला माहीत होतं," हेही तिने दटावल्यासारखंच सांगितलं. आधी साबणाचं पाणी मारून मावा संपवायचा, मगच पहार लावायची. नाहीतर तो उडून दुसरीकडे जातो. शेवटी आमचं बेट. कंद हलेना तेव्हा शिंपीकाका न बोलावता कुंपण ओलांडून आले. रोपवाटिकेतून तपासलेली आठ रोपं आली. आमचं रोप तिने नळाच्या बाजूला, नव्या खड्ड्यात लावलं.

हात धुताना मला बादलीमागे ओलं पोतं दिसलं. उचललं, तर खाली एक पिल्लू. टवटवीत, हातभर उंच.

आत्या दारात उभी होती. "ते चांगलं आहे," ती म्हणाली. "बघ तूच."

मी देठ उजेडात धरला. रेघा बारीक होत्या, पण होत्या.

"आजारी आहे, आत्या."

तिने पिल्लू माझ्या हातातून घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि विळ्याने त्याचे तुकडे केले. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.