दाजींची टाकी

सुधाकर दाजी गेले, त्याला आता सात आठवडे होतील. त्या सकाळी मी नववीच्या वर्गात जगाचा नकाशा टांगत होते. क्लार्क सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, खाली या, तुमच्या ताईंचा फोन आहे." ताई शाळेच्या वेळात कधीच फोन करत नाही, त्यामुळे नकाशा तसाच टाकून मी जिना उतरले. चाकणला कंपनीच्या बसमधून उतरताना दाजींच्या छातीत कळ आली होती आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भोसरीला ताईकडे जाताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. दोन वर्षांपूर्वी मीच ते दाजींना चारचौघांत बोलले होते, आणि त्याची माफी मागायची राहून गेली होती...

दाजी मूळचे बार्शीकडचे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि पुढे चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर झाले. तसा त्यांचा स्वभाव जन्मापासूनच इन्स्पेक्टरचा असावा. ताईला बघायला आले तेव्हा पोह्यांत मीठ कमी आहे, हे त्यांनी पहिल्याच घासाला सांगून टाकलं. आई फणफणली, पण वडील म्हणाले, "पोरगा खरा आहे, देऊन टाकू." माझी ताई अगदी उलट. कुणाचं मन मोडायचं तिच्या जिवावर येतं. न आवडलेल्या भाजीलाही ती "छान झालीये" म्हणणार. दाजी म्हणायचे, "पार्ट खराब निघाला तर समजू शकतो, राव. पण खराब पार्टला जो ओके देतो ना, तो माणूस खराब."

अशा माणसाला कंपनीने मशीन पास करायला तीन महिने अमेरिकेत पाठवलं. केंटकी नावाच्या राज्यात. बॅगेत चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि ताईचे अश्रू घेऊन गेले. एका रविवारी तिकडचा एक कामगार त्यांना गावच्या जत्रेसारख्या कार्यक्रमाला घेऊन गेला. तिथे विटांच्या लांबच लांब चरांमध्ये लाकडाची धग केलेली आणि वर जाळीवर चक्क मेंढीचं मटण भाजत पडलेलं. आच मंद, वेळ तासन्‌तास. दाजी तर हरखलेच. चरापाशी एक काळा म्हातारा व्हिनेगरचं काळपट पाणी मटणावर शिंपडत बसला होता. त्याच्यापाशी दाजी बसले ते संध्याकाळीच उठले. म्हातारा त्यांना म्हणाला, ही कला माझ्या खापरपणजोबांची, ते गुलाम होते. मालकाच्या घरी मेजवानी असली की चर खणायचे, लाकूड फोडायचे, दिवसभर आगीपाशी बसायचं काम गुलामांचं, आणि वाट्याला यायचं ते कुणाला नको असलेलं चिवट मांस. त्याला मऊ करायला त्यांच्याकडे वेळ आणि धूर एवढंच होतं. त्याही आधी अमेरिकेजवळच्या बेटांवरचे मूळ लोक काठ्यांच्या मांडवावर असंच मांस भाजत, या भाजण्याला बार्बेक्यू म्हणतात, तो शब्द तिथूनच आला म्हणे. सगळे अमेरिकेतून चॉकलेट आणतात, आमचे दाजी ही गोष्ट घेऊन आले.

मी भूगोलाची बाई, पण अमेरिकेची राज्यं मला पाठ झाली ती दाजींमुळे, आणि तीही मटणावरून. "मॅडम, टेक्सासात मीठ-मिरी सोडून काही लावायचं नाही. चटणी मागितली तर तो आचाऱ्याचा अपमान." तिथे मोठ्या जनावराचं असतं, ते मी नुसतं बघितलं, असं ताईकडे बघत घाईने सांगायचे. कॅरोलायनात अख्खं डुक्कर आणि आंबट-तिखट पाणी, त्यातही टोमॅटो घालावा की नाही यावरून पूर्वेची नि पश्चिमेची भांडणं. मेम्फिसला बरगड्यांवर कोरडा मसाला, कॅन्सस सिटीला काकवीसारखा गोड दाट सॉस. गुलामगिरी संपल्यावर कामाच्या शोधात जो तो शहरात आला आणि आपापल्या गावची चव घेऊन आला. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या भोसरीसारखंच की! कोल्हापूरवाल्याला सोलापूरचं मटण काळं वाटतं आणि सोलापूरवाल्याला कोल्हापूरचा रस्सा पाणी." दाजी इतके खूश झाले की पुढे कंपनीतल्या प्रत्येकाला ते हे माझं नाव घेऊन सांगायचे.

मग त्यांनी वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राकडून कॉम्प्रेसरची निकामी टाकी आणली, आडवी कापून तिला बिजागऱ्या, झाकण आणि धुराडं लावलं आणि गच्चीवर बसवली. बाभळीचं लाकूड, बोकडाची मांडी आणि दर दोन महिन्यांनी पाहुण्यांना आमंत्रण. अडचण एकच होती. आपला बोकड काटक, अंगावर चरबी नाही, आणि दाजींना दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून तपासल्याशिवाय चैन पडत नसे. धग जायची ती जायचीच. सात तासांनी जे बाहेर यायचं ते चप्पल शिवायच्या लायकीचं असायचं. पाहुणे "वा, वा" करत चघळायचे आणि हळूच विचारायचे, "रस्सा नाही का, वहिनी?" ताई गुपचूप ते मटण खाली न्यायची, तुकडे करून कुकरला लावायची आणि वाटण घालून झणझणीत रस्सा करून आणायची. पाहुणे त्यावर तुटून पडायचे. "आवडलं ना?" दाजी विचारायचे, आणि ताई म्हणायची, "छान झालंय." अशी आठ वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीतले लोक जेवायला आले होते. रस्सा वाढताना माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी म्हटलं, "दाजी, तुमचा माल दर वेळी ताईकडे रिवर्कला जातो!" कंपनीची माणसं ती, खराब पार्ट दुरुस्तीला परत पाठवणं त्यांचं रोजचंच, खो खो हसली. दाजीही हसले. पण त्यांनी वाटीतल्या रश्श्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि तिने मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात गच्चीवर टाकी नव्हती. कुणी काही विचारलं नाही. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत, मॅडम म्हणत, चहात साखर जास्त झाली तर सांगत. पण बार्बेक्यूचा विषय पुन्हा निघाला नाही. एका हौशी माणसाचं खेळणं मी मोडलं, असं मला दर दिवाळीला, दर रविवारी वाटत राहिलं. उद्या बोलू, पुढच्या वेळी बोलू... आणि मग तो फोन आला.

तेराव्यानंतर चाकणजवळच्या निघोजेचे किसनराव भेटायला आले. निम्मी जमीन कारखान्यांत गेलेला शेतकरी, दाजींच्याच कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेला. चहा पिऊन झाल्यावर ते ताईला म्हणाले, "वयनी, सुधाकररावांची टाकी माझ्या वावरात हाय. तिचं काय करू?" ताईने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला वाटत होतं ती भंगारात गेली.

त्या रविवारी आम्ही दोघी निघोजेला गेलो. किसनरावांनी पहाटेच टाकी पेटवून ठेवली होती. त्यांच्याकडूनच कळलं, दाजी महिन्यातून दोन रविवार घरी ओव्हरटाइम आहे सांगून इथे येत. मी म्हटलं, "माझ्यावर रागावले होते ना?" किसनराव हसले. "राग? न्हाई वो! ते म्हनायचे, आठ वर्सं समद्यांनी मला खोटं ओके दिलं, खरं बोलली ती एकटी मॅडम. आता जमलं की पयला घास तिलाच द्यायचा."

"मग जमलं का?" ताईने विचारलं.

"जमलं की! लोणी लावून, कापडात गुंडाळून, झाकान न उघडता. दोन टायम जमलं. मी म्हनलं बोलवा आता. तर न्हाई, सलग तीन पास झाल्याबिगर लॉट, म्हंजी माल, भायेर सोडायचा न्हाई म्हनले." त्यांनी टाकीकडे बोट केलं. "तिसरा राहिला. म्हून आज लावलंय."

त्यांनी मांडी काढून तुकडा माझ्या हातावर ठेवला. बाहेरून सुरेख होता, धुराचा, मिठाचा. ताई माझ्याकडे बघत होती, आणि मला मनापासून छान म्हणायचं होतं. हाडापाशी दात लागला आणि मांस हललं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "नाही झालं. आत कच्चं आहे."

किसनरावांनी स्वतः चाखून पाहिलं. "व्हय, न्हाई झालं," ते म्हणाले आणि मांडी परत टाकीत सरकवली. "मग ह्यो धरायचा न्हाई. आता पयल्यापासनं तीन."

तेव्हापासून आम्ही दोघी दर रविवारी निघोजेला जातो. ताई सकाळीच लाकडं निवडायला बसते आणि दाजींबद्दल जे बोलते ते घरी कधी बोलत नाही. गेले दोन रविवार मटण हाडापासून अलगद सुटलं, मी दोन्ही वेळा ओके दिलं. येत्या रविवारी तिसरं. जमलं की हे रविवार संपतील, म्हणून ते जमूच नये असं मला फार वाटतंय... पण जमलं, तर मला खोटं सांगता येणार नाही.