होडीच्या फळ्यांचं दार

खेळातली माणसं खोटी असतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी एका खोट्या नावाडणीपायी मी खऱ्या मैत्रिणीला दुखावून बसले. ते निस्तरताना मी जेवढी थकले तेवढी नोकरीतही कधी थकले नव्हते, आणि नोकरीत मी चांगलीच थकते.

मी आरोग्य सेविका आहे. राहते सापगावला, उपकेंद्र वैशाखऱ्याच्या बाजूला. सकाळी मुरबाडपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पाडे पायी. लसीकरण, गरोदर बाया, पोरांची वजनं. प्रत्येक गोष्ट आधी रजिस्टरात लिहायची, मग तीच मोबाइलमध्ये भरायची. रेंज गेली की उपकेंद्राच्या ओट्यावर बसून ती यायची वाट बघायची. माझं पुष्कळसं लिखाण त्या ओट्यावरच झालं आहे.

खेळ रविवारी दुपारी वाशिंदला असायचा. खेळवणारा तिथल्या एका कारखान्यात पाळ्या करतो आणि नव्या बिल्डिंगीत एकटा राहतो. तो, कल्याणला नोकरीला जाणारे दोघे भाऊ, मी आणि माझी मैत्रीण, असे आम्ही पाच जण जमायचो. प्रत्येकाने गोष्टीतलं एकेक माणूस घ्यायचं. समोर काय आहे ते खेळवणारा सांगणार, आपलं माणूस काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. नियम त्याने कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून उतरवले होते, पण मुलूख आमचाच होता. भातसा, काळू, सगळ्या नद्या होत्या, फक्त धरणं कधी झालीच नव्हती.

मी वैदीण घेतली होती. दिवसभर गोळ्या वाटणारी बाई खेळातही औषधंच कुटत बसते, म्हणून सगळे मला चिडवायचे. मैत्रिणीची नावाडीण होती, एकाच काठावर सलग दोन रात्री कधी न झोपणारी. मैत्रीण ती नुसती खेळायची नाही, अंगात आल्यासारखी उठून उभी राहायची आणि हातवारे करत बोलायची. नर्सिंगच्या कोर्सला आम्ही दोघी एकाच बाकावर होतो. पुढे ती लग्न होऊन मुरबाडला आली. दर रविवारी स्कूटीवरून यायची, सापगावच्या पुलाजवळ मला उचलायची, आणि वाशिंद येईस्तोवर दोघींची तोंडं चालू असायची.

मग तिच्या सासूला लकवा झाला. उजवी बाजू गेली. नवरा नोकरीला, नणंद लांब. तिने आधी हॉस्पिटलची नोकरी सोडली आणि महिन्याभराने रविवारही सोडला. तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "तिला राख गो तू."

राखण हा आमच्या खेळातला रिवाज. गावाकडे कुणी बाहेर गेलं तर शेजारी त्याची गुरं राखतो, त्यावरून पडलेला. जो आला नाही त्याच्या डावीकडे बसणाऱ्याने त्याच्या माणसाचा फासा टाकायचा, त्या आठवड्यात त्याचं काय झालं ते गोष्टीसारखं लिहायचं आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवायचं. सगळ्यांसमोर वाचलं की ते घडलं, मग मागे घ्यायचं नाही. मोठा भाऊ मला तेव्हाच म्हणाला होता, "राखायला घेतलेली म्हैस विकायची नाय हां." मी हसले होते.

डावीकडे मीच बसायचे, त्यामुळे मीच लिहू लागले. नावाडीण पुरात मिठाची पोती घेऊन गेली, एका पाटलाला मधल्या बेटावर सोडून आली. दर सोमवारी मी गोष्ट मैत्रिणीला पाठवायचे. तिचा आवाज यायचा, मागे भांड्यांची आदळआपट. "उजवा खांदा दुखतो ना तिचा? डाव्या हातानं वल्हवते ती. इसरलीस काय?" पुढच्या गोष्टीत मी निमूट तसं लिहायचे. पुढे पुढे आवाज यायचा बंद झाला, नुसता अंगठा यायला लागला.

एकदा मुरबाडच्या स्टँडवर ती दिसली. मोठ्या माणसांच्या डायपरची पाकिटं काखेत मारून धावतपळत घराकडे निघाली होती. डोळे खोल गेलेले. मला जीपमध्ये भरून आलं. त्याच दिवशी ओट्यावर बसून मी ठरवलं, आता हिला आराम द्यायचा.

मी नावाडणीला घर दिलं. काठावर, आंब्याच्या सावलीत. शेजारीण तिला गरम भात वाढते, कुणी तिला हाक मारत नाही, ती दोन दिवस आणि दोन रात्री सलग झोपते. उठल्यावर घराला दार हवं म्हणून ती आपली होडी काठावर ओढते, फळ्या सुट्या करते आणि त्यांचं दार करते. हे दार मला फारच आवडलं होतं. रविवारी वाचलं तेव्हा धाकट्या भावाने डोळे पुसले. खेळवणारा म्हणाला, आजवरची सगळ्यात चांगली गोष्ट. मी जरा फुगलेच.

सोमवारी पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. गुरुवारी तिने ग्रुपवर लिहिलं, "माझं नाव काढा खेळातून." आणि ग्रुप सोडला.

आधी मला रागच आला. इतके आठवडे उन्हात बसून कुणासाठी लिहीत होते मी? माझे पाय दुखत नाहीत? खेळवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, वाचलंय ते घडलंय, मी काही करू शकत नाही. शुक्रवारी परतताना मी मुरबाडला उतरले आणि तिच्या घरी गेले.

दार तिनेच उघडलं. उघडं टाकून तशीच आत वळली. सासूची कूस बदलायची वेळ झाली होती. मी पर्स ठेवली, हात धुतले आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. एक, दोन, तीन म्हणत आम्ही चादरीसकट म्हातारीला वळवलं. कोर्समधली सवय, हात अजून बरोबर चालतात. पाठीला पावडर लावताना म्हातारीने जड जिभेने विचारलं, "कोन ही?"

"माझी होडी मोडली ती हीच," मैत्रीण म्हणाली.

म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तिला... दार... कशाला?"

मैत्रीण माझ्या सगळ्या गोष्टी सासूला भरवताना मोठ्याने वाचायची, हे मला तेव्हा कळलं.

"आराम दिला गो मी तिला," मी म्हटलं. "तू दमलीस म्हणून."

"मी दमलीय. ती नाय दमली." ती पावडरचा डबा बंद करत होती, आवाजही चढला नव्हता. "दिवसभर मी या दाराच्या आत हाय. सोमवारी तुझी गोष्ट यायची, ती पाण्यावर जायची, तेवढीच मी भायेर पडायची. ते पण तू बंद केलंस. झोप तुला पायजे, गरम भात तुला पायजे. मग तुझ्या वैदिणीला बांध ना घर. माझीला कशाला कोंडलंस?"

मला रडू आलं आणि लाजही वाटली, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ओट्यावर बसून मी लिहीत होते ती झोप माझीच होती. आंब्याची सावलीसुद्धा मी ओट्यासमोरच्या झाडाची बघून लिहिली होती.

"आता पुसता पण नाय येत," मी म्हटलं.

"पुसू नको." तिने चादरीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "दार काढ. फळ्या त्याच हायेत ना? दार काढून पाण्यात टाकायचं."

मी पर्समधून फासा काढला आणि फोन स्पीकरवर लावला. पाळी सुटून घरी चाललेल्या खेळवणाऱ्याने रस्त्याच्या कडेला थांबून सगळं ऐकून घेतलं. चौदा तरी पडायला हवेत, म्हणाला. मैत्रिणीने फासा तळहातावर घोळवला, कित्येक महिन्यांनी, आणि म्हातारीच्या पायाशी मेणकापडावर टाकला.

नऊ पडले.

मी आकडा फोनवर सांगितला. "दार निघालं," मग तो म्हणाला, "पण त्याची होडी होणार नाय. नुसतंच तरंगेल."

"तरंगेल ना?" ती म्हणाली. "बास."

ती अजूनही रविवारी येत नाही. येईल असं आता मी स्वतःला सांगतही नाही. सापगावहून वाशिंदला मी एकटीच जाते. पण सोमवारी तिचा आवाज येतो, भांड्यांसकट. नावाडीण दारावर पालथी पडून डाव्या हाताने वल्हवत कुठवर गेली ते ती सांगते आणि मी तेवढंच लिहिते. माझ्या पदरचं एक पानही आंब्याला लावत नाही.

ते घर मात्र काठावर तसंच राहिलं, दाराच्या जागी मोकळी चौकट. गेल्या आठवड्यात पाड्यावरून उतरताना गुडघ्यांनी अगदी जीव काढला, तेव्हा ओट्यावर बसून मी मैत्रिणीला विचारलं, की तुझं ते घर रिकामंच आहे, माझी वैदीण तिथे राहिली तर चालेल का. घर तिच्या नावाडणीचं, विचारायला तर हवं. संध्याकाळी उत्तर आलं. आधी म्हातारीचं खोकणं, मग नळाचा आवाज, मग ती.

"रहा ना गो. हवं तेवढं झोप. पण दार मागू नको."