समुद्राकडे निघालेलं पाणी

आबांनी उभी हयात कालव्यावर काढली. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं आणि दार कधी टाकायचं, हे त्यांचं काम. म्हणून ते पाटकरी आबा. माणूस तसा लोण्यासारखा मऊ, पण दोन गोष्टी दिसल्या की तळपायाची आग मस्तकात! एक, वाया जाणारं पाणी, आणि दुसरी, खोटं बोलणारा माणूस. कालव्यावर या दोन्ही जोडीनंच भेटायच्या. भलत्या वेळी दार उघडं सापडलं की हा त्याच्याकडे बोट दाखवणार, तो तिसऱ्याकडे. "आबा, गळ्याची शपथ, मी नाही!" एवढ्या नोकरीत "मी केलं" म्हणणारा एक माईचा लाल काही त्यांना भेटला नाही.

असे हे आबा लेकीकडे आले, बंदराच्या शहरात. आईमागे त्यांनी एकट्यानं वाढवलेली ही पोर आता बोटींच्या तिकीटखिडकीवर बसत होती, आणि तिनं लग्न ठरवलं होतं. मुलगा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. भाषा वेगळी, माणसं वेगळी, सगळंच वेगळं. "तुम्ही बघा त्याला. नाही म्हणालात तर नाही," असं ती फोनवर म्हणाली खरी, पण म्हणताना तिचा आवाज भरून आला होता. आबा तेव्हापासून पेचात. नाही म्हणावं तर पोर आयुष्यभर मनातल्या मनात झुरणार, आणि हो म्हणावं तर कुणाच्या भरवशावर?

धक्क्यालगतचा रस्ता बघून आबा चक्रावलेच. न्हाव्याच्या दुकानाची पाटीसुद्धा चार लिप्यांत! चपलांवाला एका भाषेत भाव सांगत होता, गिऱ्हाईक दुसऱ्या भाषेत नाक मुरडत होतं आणि सौदा तिसऱ्याच भाषेत जुळत होता.

"यांची भांडणं कशी होत असतील गं?"

"अगदी व्यवस्थित होतात, बाबा. काळजी नको."

एका बोटीतून भाजीच्या पाट्या उतरत होत्या. पानं अजून ओली, मुळांना माती. "ही कुठली?" आबांनी विचारलं.

"इथलीच. शहरामागे खाडी आहे, तिच्या काठानं शेतं. पिढ्यान्‌पिढ्यांची. त्याच्या घरचं शेतही तिथेच."

"शेतकऱ्याचा पोरगा आहे? मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"चारदा सांगितलं! तुम्ही ऐकताय कुठे?"

मुलाचं घर शेताच्या बांधालाच होतं. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. विहीणबाई म्हणू या, जरा घाईच आहे, पण दुसरं काय म्हणणार? काटक बाई, हाताला माती, आवाज खणखणीत. आबांना त्यांचा शब्द कळेना, त्यांना आबांचा. दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसत राहिले. हसून हसून गाल दुखायला लागले तसे आबा हात धुवायचं निमित्त करून परसात सटकले.

आणि बघतात तर काय! वाफ्यांत पाणी उभं, कोपऱ्यातलं फळीचं दार सताड उघडं, आणि पाणी भसाभसा खाडीत चाललेलं. भरल्या शेतातलं पाणी, थेट समुद्रात! लक्ष द्यायला चिटपाखरू नाही. आबांचा जीव कळवळला. इस्त्रीच्या पांढऱ्या विजारीची पर्वा न करता ते चिखलात उतरले, चाक फिरवलं, दार घट्ट बसवलं. पाणी चाखून बघायचं मात्र काही सुचलं नाही. परत येऊन पाहुणे जेवायला बसले, मनात म्हणाले, चला, पायगुण चांगला.

थोड्या वेळानं विहीणबाई परसात गेल्या आणि तोफेसारख्या परत आल्या. सगळा मारा लेकावर! लेकीनं आबांच्या कानाला लागून सांगितलं, "भरतीचं खारं पाणी जमिनीत मुरतं इथे. म्हणून तळ्याचं गोडं पाणी वाफ्यांत भरून मीठ विरघळवतात आणि ओहोटीला ते सोडून देतात. कुणीतरी दारच बंद केलंय. मीठ आत राहिलं तर उद्याची लावणी मेलीच."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मुलानं एकवार त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर खाली, विजारीवरच्या चिखलाकडे. मग आईकडे वळून तो काहीतरी पुटपुटला आणि मान खाली घालून उभा राहिला. तोफ आणखी जोरात सुरू झाली.

"काय म्हणाला तो?" आबांनी विचारलं.

"म्हणाला, मी केलं. चुकून."

आबा ताडकन उठले. "नाही हो, मी केलं! मी!" भाषेचा प्रश्नच नव्हता. त्यांनी छातीवर हात मारला, चिखलाचे पाय पुढे केले, हवेत चाक फिरवून दाखवलं. विहीणबाई बघतच राहिल्या. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की पदराने डोळे पुसायची वेळ आली.

दार पुन्हा उघडलं. ओहोटी अजून होती, पाणी निघालं. आबा शेजारी उभे राहून ते जाताना बघत होते; पुन्हा पुन्हा हात शिवशिवत होता, ते तो मागे घेत होते. वाफे निथळले आणि खाडीतलं पाणी थबकलं, मग भरती लागून हळूच उलटं फिरलं. जन्मात उलटं पाणी पाहिलं नव्हतं त्यांनी! विहीणबाईंनी त्यांचा हात धरून चाकावर ठेवला आणि मानेनंच सांगितलं, आता. आबांनी दार टाकलं.

परतताना लेक न राहवून म्हणाली, "मग, बाबा? काय वाटलं?"

"पोरगा खोटं बोलतो."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला.

"धडधडीत खोटं! माझ्या तोंडावर!" आबांनी विजारीवरचा वाळलेला चिखल झटकला. "सगळा कालवा पालथा घातला मी, असा खोटारडा एक मिळाला नाही गं. तुला मिळाला. आता वेळ घालवू नकोस, तारीख काढ."