सुपडूनानांचं स्वप्नातलं दार

सुपडूनाना रस्त्यात कुठलीही पाटी दिसली की उभे राहून वाचायचे, मान फिरवायचे आणि पुन्हा वाचायचे. कापडाचं दुकान असो, दातांचा दवाखाना असो, 'येथे थुंकू नये' असो. पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते असंच, आमच्याच केळी विक्री सोसायटीच्या पाटीपुढे. मी नवा कारकून, हजर व्हायला उशीर होत होता आणि हा गृहस्थ दार अडवून उभा. मी तसा तिरसट. म्हटलं, "काका, दोनदा वाचून नाव बदलणार आहे का?" ते शांतपणे म्हणाले, "बदलनं तर सपन शे. नही बदलनं तर खरं शे." मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी येडं भेटलं!

ते आमच्याकडे केळीच्या वजनकाट्यावर होते. पुढे खोलीचं भाडं परवडेना म्हणून मी त्यांच्याच खोलीत राहायला गेलो, आणि तेव्हा कुठे त्या पाट्यांचा उलगडा झाला. जळगाव स्टेशनाबाहेरच्या गाड्यावर त्यांना मुखपृष्ठ फाटलेलं एक हिंदी पुस्तक मिळालं होतं. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं ओळखायला कसं शिकावं, ते त्यात होतं. नवशिक्यासाठी एकेक युक्ती दिली होती. दिवसातून दहा-वीस वेळा अक्षरं दोनदा वाचायची, कारण स्वप्नातली अक्षरं टिकत नाहीत, आणि दिवसाची सवय झोपेतही जाते. जाग आली की हलायचं नाही, कूस बदलायची नाही, पडल्या पडल्या स्वप्नाचं शेपूट धरायचं आणि मग वहीत लिहायचं. पहाटे पाचला उठून थोडा वेळ बसायचं, 'आता मला कळेल, आता मला कळेल' म्हणत परत आडवं व्हायचं. पाचला हाक मारायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यातली एक युक्ती मात्र ते करायचे नाहीत. नाक चिमटीत दाबून श्वास घ्यायचा. आला तर स्वप्न. मी त्यांना ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं पुस्तकच काढून घेतलं. "तितलं माले नको सांगू," म्हणाले. संध्याकाळी जेवताना मग आपण होऊनच बोलले.

त्यांचं गाव चोपड्याकडचं. त्यांचा आणि धाकट्या भिलाचा केळी पिकवण्याचा धंदा होता. खोलीत घड रचायचे, पाला टाकायचा, मडक्यात गोवऱ्यांची धुरी करायची, दार लावून फटी शेणमातीने लिंपायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही. एकदा असंच दार लिंपलं, आणि भिला आत राहिला. दोन दिवस गाडी भरण्याचं जागरण झालेलं, घडांच्या मागे पाल्यावर त्याचा डोळा लागला होता; धुरात तो झोपेतच गुदमरला. नाना म्हणाले, "हाक मारली. ओ आली नाही. मग लावलं." पंचनाम्यातही तेच होतं.

अकरा वर्षं त्यांना एकच स्वप्न पडत होतं. ते दार लिंपताहेत. त्यांना एवढंच शिकायचं होतं की लिंपता लिंपता, निदान एकदा, हे स्वप्न आहे हे कळावं आणि दार उघडावं. बाकी लोकांना स्वप्नात उडायचं असतं म्हणे! ह्या माणसाला फक्त एक कडी काढायची होती. त्या दिवसानंतर मी त्यांची चेष्टा बंद केली.

आणि खरं सांगतो, मी पेटलोच. रोज पाचला मी हाक मारायचो, "नाना, उठा!" ते उठून बसायचे, पुटपुटायचे, परत आडवे व्हायचे. सहाला मी विचारायचो, "काय?" ते म्हणायचे, "लिंपी टाकं." असे सात-आठ महिने गेले. पाट्या उपयोगी पडेनात, कारण स्वप्नातल्या त्या केळीच्या खोलीवर पाटीच नव्हती.

पुस्तकात शेवटी एक उपाय होता. वहीतली सगळी स्वप्नं एकत्र वाचायची आणि जागेपणी कधीच न घडलेली, पण स्वप्नात वारंवार येणारी गोष्ट शोधायची. ती खूण पक्की करायची. ती दिसली की समजायचं, आपण झोपेत आहोत. एका रविवारी दुपारी मी वही घेऊन बसलो आणि नानांना समोर बसवलं. मी वाचत होतो. दार, शेणमाती, धूर. प्रत्येक पानावर एक ओळ होतीच : 'भिलाला हाक मारली.'

"ही नाही चालणार," मी मास्तरासारखा म्हणालो. "हाक तर तुम्ही खरोखर मारली होती. खरं न घडलेलं काहीतरी पाहिजे. आठवा."

नानांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तीच खूण धर."

"अहो, पण—"

"मी हाक मारीच नही व्हती."

पिकायच्या केळीपाशी चपला घालून जायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. सगळे उंबऱ्याशी चपला काढून आत जात. दार लावणारा उंबऱ्याकडे पाही. चपला नाहीत म्हणजे आत कोणी नाही. त्या दिवशी भिलाच्या चपलेचा अंगठा तुटला होता, ती चांभाराकडे होती, आणि तो अनवाणीच आत गेला होता. नानांनी मोकळा उंबरा पाहिला आणि दार लावलं. हाक मारायची गरजच वाटली नाही. नंतर लोक जमले, कोणीतरी विचारलं, "हाक नाही मारली का?" आणि तोंडातून 'मारली ना' निघून गेलं. तेवढंच. त्यानंतर ते कधी परत घेता आलं नाही.

मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. मी वहीत 'हाक' ह्या शब्दाखाली रेघ ओढली आणि चहा ठेवला.

त्यानंतर तीन आठवड्यांत त्यांना ते जमलं. सकाळी ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, स्वप्नात हाक मारली, लगेच कळलं, जाग येऊ नये म्हणून पुस्तकात लिहिल्यासारखे तळहात घासले, आणि दार उघडलं. भिला पाल्यावर बसला होता. धडधाकट. त्याने विचारलं, "नाना, इतला उशीर का करा?"

त्याच दिवशी नानांनी एसटी पकडली. भिलाची बायको जनाबाई चोपड्याकडच्या त्या गावातच राहायची. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना तिच्याकडे जायचे, भिलाच्या नावाने भरलेल्या घागरीला नमस्कार करायचे आणि तिच्या हातची पुरणपोळी जेवून यायचे. वर्षातलं त्यांचं तेवढंच घरचं जेवण. त्यांनी तिला खरं ते सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "माले म्हाईत व्हतं. तुम्हनी हाक ऐकीसन त्या उठनात नहीत, आसं कधीच व्हयनं नही." आणि मग, पदर नीट करत, "तुम्ही बोलनात नहीत तवपावत मी जेवाडं. आते पुढली आखाजीले येवू नका."

ते परत आले ते पार वाळूनच. आणि एवढ्यावरही भागलं नाही, स्वप्न थांबलं. मला वाटलं, सुटले बिचारे! पण ते सुटकेचं नव्हतंच. भिला त्यांना तिथेच भेटत होता, आणि आता तोही येईना. नानांनी परत सुरुवातीपासून सगळं धरलं : पाट्या, वही, पाचची हाक. वहीत रोज तारीख आणि खाली कोरं पान. "आते सपनबी पडत नही, भो," म्हणायचे. आखाजीला ते खोलीवरच बसून राहिले. मी खानावळीतून डबा आणला, तो त्यांनी उघडला नाही. माझ्याकडून काहीच होण्यासारखं नव्हतं.

हिवाळ्यातल्या एका पहाटे पाचला मी उठलो. नाना तोंडावरून पांघरूण घेऊन पडले होते. मला त्या हाकेचा कंटाळा आला होता, आणि कीवही आली. म्हटलं, मरू दे ते पुस्तक, एक दिवस झोपू दे माणसाला. हाक न मारता किटली घेऊन दुधाला गेलो, तिथेच गप्पा मारत बसलो. सात वाजता आलो तेव्हा ते गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, पहाटे पाच-सहाच्या सुमाराला गेले. कोणी जवळ असतं, वेळेवर आणलं असतं, तर कदाचित वाचलेही असते, सांगता येत नाही.

जनाबाईला कळवायला मीच गेलो. ती अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होती. मी सांगितलं. तिने हातातली काडी खाली ठेवली.

"झोपमाच गयात?"

"हो."

"कोनी हाक मारी व्हती का त्यास्ले?"

"मारली ना," मी म्हणालो.