खांबाचा बाक

समोर नव्या शेडचं काम चाललंय. फिटर एक डोळा मिटून पोलादी खांबावरून नजर फिरवतो, म्हणतो, "मधे पोटात वाकलाय. बाजूला काढा." मी खिडकीतून वळतो, पुन्हा बघतो.

पातळ खांब नुसत्या वजनानं हरत नाही. मुळातला बोटभर बाक वाढत जातो आणि खांब एकदम मुडपतो. इंजिनिअर असून बाजाराच्या शेडचा तसाच खांब मी पास केला होता.

"साहेब, दोरी लावून बघा की," तिथला फिटर म्हणाला होता.

"रंग दिला की कोण बघतंय?" मी हसलो होतो.

उभं आहे म्हणजे सरळ आहे, असं मी स्वतःबद्दलही समजत आलो. बाजाराच्या त्या शेडखाली भाजीवाल्या बसतात. आज अर्ज लिहिला: खांब बदला, चूक माझी. तो पोचेपर्यंत त्यांना तिथून उठवायला मीच निघालोय.