सुप्रभामावशींच्या किल्ल्यावरचे मावळे

दिवाळी जवळ आली की मला अजून सुप्रभामावशींची मागची बाग आठवते. इंग्लंडात, रीडिंग गावात आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्या राहायच्या. सत्तर साली साताऱ्याहून नर्स म्हणून आलेल्या, आता रिटायर झालेल्या. काका केव्हाच गेलेले, मूलबाळ नाही. पण आमच्या स्ट्रीटवरच्या यच्चयावत मराठी पोरांवर हक्क त्यांचाच. ऑक्टोबर आला की सगळ्यांना चिखलात उतरवून किल्ला करायच्या, वर अळीव पेरायच्या, आणि कुणाचा बुरूज बसका झाला की म्हणायच्या, मेल्या, बुरूज केलायस की भजं?

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. बाग नव्या भाडेकरूनं फरशी घालून बुजवली. मला त्या फरशीचा फार राग येतो.

ही गोष्ट दोन हजार पाचची. शाळेला हाफ-टर्मची सुट्टी होती. मी आणि माझा नवरा मिलिंद दोघंही ऑफिसात, आमची लेक ईशिता मावशींकडे. किल्ला झाला होता, पण पुण्याहून आणलेले मातीचे मावळे सुटकेसमध्येच फुटलेले. मावशी आत चकल्या तळत होत्या. तेवढ्यात आमची बया बाहेर पडली आणि लोकांच्या पुढच्या बागांतले ते लाल टोपीचे, दाढीवाले बुटके पुतळे उचलून घेऊन आली. इथले लोक हौसेनं मांडतात ते. हिनं सगळे तटावर पहाऱ्याला उभे केले. त्या गडबडीत एकाचं नाक उडालं. तो नेमका कोपऱ्यावरच्या मिसेस हॉलिसचा, तिच्या वारलेल्या नवऱ्यानं रंगवलेला. तिनं पोलिसांना फोन केला.

मावशींच्या दारात आलेल्या पोलिसानं मुलीचं वय विचारलं. मावशींनी छातीठोकपणे सांगितलं, दहा. आपल्याकडे नववं सरलं की दहावं लागलं, आणि दहावं लागलं की पोर दहाची. जन्मभर वॉर्डात पेशंटच्या जन्मतारखा लिहिल्या बाईनं, पण घरातल्या पोराचं वय सांगताना त्या साताऱ्याच्याच.

मावशींचा फोन आला म्हणून मी धापा टाकत पोचले तेव्हा ईशिता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, बोटांना चिखल तसाच. पोलीस बोलायला सभ्य होता, उगाच नावं ठेवणार नाही. पण म्हणाला, या देशात दहा वर्षं पूर्ण झाली की मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मुलीला घेऊन स्टेशनला यावं लागेल. खटला नाही झाला तरी रीतसर ताकीद मिळेल आणि ती पोलिसांच्या रेकॉर्डवर राहील. बुटक्यांपायी माझी पोर चोर?

"दहा जानेवारीत होतील," मी म्हटलं. "अजून नऊच आहे ती." आणि घरी पळत जाऊन पासपोर्ट आणला.

त्यानं तारीख पाहिली, पेन खिशात ठेवलं. मग कायद्याला इथे काही काम नाही, म्हणाला, आणि गेला. मी हुश्श केलं.

मावशींनी नाही केलं. कायद्याला काम नसलं तरी मला आहे, म्हणाल्या. ईशिताच्या हातात एकेक बुटका देऊन तिला दारोदार नेलं, प्रत्येक ठिकाणी तिलाच सॉरी म्हणायला लावलं. मिसेस हॉलिसकडे पोरगी हुंदके देऊन रडली. ती बाईही रडली, मग उठून फेव्हिकॉलसारखं काहीतरी घेऊन आली. चकल्या खात तिघी नाक चिकटवत बसल्या. पुढच्या दिवाळीला तोच बुटका मिसेस हॉलिस स्वतः घेऊन आली. मावशींनी त्याला महादरवाज्यावर उभा केला.

पण मला जास्त आठवतो तो मधला जानेवारी, ईशिताचा दहावा वाढदिवस. मावशी औक्षण करत होत्या. ओवाळता ओवाळता त्यांचा हात थांबला आणि डोळे भरून आले. काय झालं म्हणून मी विचारलं.

"मंजू, काल हिनं काही उचललं असतं तर लहान म्हणून सोडली असती," त्या म्हणाल्या. "एका रात्रीत काय मोठी झाली गं ही?"

पाटावर ईशिता ओवाळून व्हायची वाट बघत बसली होती, जिभेनं हलणारा दुधाचा दात ढकलत.